दगड कोल्हापूरचा, अक्षर कानडी, वाचणारा खानापूरचा

आपल्याकडचा माणूस कोल्हापूरला जातो तो तीन कारणांनी. अंबाबाईचे दर्शन, सोयरीक आणि दवाखाना. संग्रहालय बघायला म्हणून कुणी एस. टी.त बसल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. मीही त्यातलाच. गेली तीस-पस्तीस वर्षे कोल्हापूरला जाऊन-येऊन आहे, पण टाउन हॉलच्या पायऱ्या चढलो त्या यंदा पहिल्यांदा, आणि त्याही दुसऱ्याच्या निमित्ताने.

खानापूर तालुक्यातल्या एका गावचे आप्पा माझ्या ओळखीचे आहेत. वय सत्तरीच्या पुढे, मराठी चौथी शिकलेले, रोज सकाळी पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे. त्यांचा नातू सातवीत आहे. गावातल्या मराठी शाळेचा पट घसरत गेला, वरच्या वर्गांना मास्तर टिकेनात, म्हणून मुलाने नातवाला पाचवीपासून तालुक्याच्या कन्नड माध्यमात घातले. आप्पांना ते आवडलेले नाही. पण घर चालवणारा मुलगा आहे, त्यामुळे आप्पा बोलत नाहीत. फक्त संध्याकाळी नातवाला पुढ्यात घेऊन पेपरचे मथळे वाचायला लावतात. पोरगा अडखळतो, आप्पा चिडतात, आणि स्वयंपाकघरातून सूनबाईंचा आवाज आला की शिकवणी संपते.

आप्पांच्या पत्नी काही वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात आठ दिवस होत्या. त्या आठ दिवसांत आप्पांनी समोरच्या टाउन हॉलच्या बागेत, झाडाखाली भाकरी खाल्ली, दुपारची झोप काढली. शेजारची ती उंच टोकदार छपरांची इमारत त्यांनी रोज पाहिली, पण आत काय आहे ते विचारले नाही. "कचेरी असंल म्हटलं," ते म्हणाले. यंदा मे महिन्यात नातवाला देवीच्या दर्शनाला न्यायचे ठरले तेव्हा मीच सुचवले, की दर्शन झाल्यावर त्या कचेरीतही डोकावू या.

बेळगावहून निघालो. संकेश्वर, निपाणी मागे पडले, कोगनोळी ओलांडली, दूधगंगेचा पूल आला आणि दुकानांच्या पाट्यांची लिपी बदलली. नातू खिडकीला नाक लावून बसला होता. तोवर तो पाट्या मोठ्याने वाचत होता, कागल आल्यावर त्याचा वेग एकदम मंदावला. आप्पांचा वाढला. त्या एका पुलावर आजा आणि नातू यांची अदलाबदल झाली असे मला वाटले. अर्थात तेव्हा मी काही बोललो नाही.

इमारतीविषयी दोन शब्द. मेजर चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुशिल्पज्ञाने १८७२ ते १८७६ या काळात ही उभारली. कोल्हापूरचा नवा राजवाडा त्याच्याच आराखड्याचा. संग्रहालय मात्र त्यानंतर सत्तर वर्षांनी, १९४६ साली सुरू झाले आणि पुढे या इमारतीत आले. आज ते महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये खात्याकडे आहे. ते सुरू होण्याला कारण पंचगंगेच्या काठचे एक टेकाड, ब्रह्मपुरी.

ब्रह्मपुरीच्या या टेकाडात १९४४-४५ च्या सुमारास प्राचीन वस्तू सापडू लागल्या, आणि १९४५-४६ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तिथे रीतसर उत्खनन केले. ते करणारे दोघे, डॉ. हसमुख सांकलिया आणि डॉ. मोरेश्वर दीक्षित. त्यांचा अहवाल १९५२ साली छापून निघाला. पण त्यांच्याही आधी या मातीकडे लक्ष होते ते राजाराम कॉलेजात कन्नड शिकवणाऱ्या प्रा. के. जी. कुंदणगार यांचे. कोल्हापूर संस्थानातले आणि उत्तर कर्नाटकातले शिलालेख त्यांनी गावोगाव फिरून उतरवून घेतले आणि १९३९ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. पुढे १९६१ साली गदगच्या कन्नड साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. कोल्हापूरच्या इतिहासाची ओळख करून देणाऱ्यांत एक कन्नडचा प्राध्यापक, एक गुजराती आणि एक मराठी अशी ही माणसे होती. आपल्या भागात हे मुद्दाम सांगावे लागते, म्हणून सांगितले.

आत गेल्यावर नातवाला पहिल्यांदा ओढले ते हत्यारांनी. ते साहजिकच आहे. तलवारी, बंदुका बघून झाल्यावर आम्ही ब्रह्मपुरीच्या वस्तूंकडे आलो. मणी, बांगड्यांचे तुकडे, मातीच्या मूर्ती, भांडी. आप्पा इथे बराच वेळ रेंगाळले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या घरातले मडके आणि आपल्या परसातले मडके यांच्या गळ्याची ठेवण सारखी का, हा त्यांचा प्रश्न होता. कुंभाराचे चाक आणि माणसाचा हात बदललेला नाही, एवढेच उत्तर मला देता आले.

इथली सगळ्यांत नावाजलेली वस्तू वीतभरसुद्धा नाही. ती ब्राँझची मूर्ती पोसायडनची आहे. पोसायडन म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव. आपल्याला तो वरुणासारखा समजता येईल. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात रोमन साम्राज्यातून आलेली ही मूर्ती ब्रह्मपुरीच्या मातीत तांब्या-पितळेच्या इतर चिजांबरोबर सापडली. त्या काळी कोकणच्या बंदरांत माल उतरायचा आणि घाट चढून देशावर यायचा. कुणा व्यापाऱ्याने ती आणली, की देवघेवीत मिळाली, की नुसती धातूच्या मोलाने विकत घेतली, हे ती मूर्ती सांगत नाही. आप्पांनी हात जोडले. "कुठला का असंना, देव हाय न्हवं," म्हणाले. पहारेकऱ्याने हसून मान डोलावली.

तिथून जुन्या नाण्यांकडे वळलो. कोल्हापूर परिसरात शिशाची जी जुनी नाणी सापडतात त्यांच्या एका अंगाला धनुष्यबाण आणि दुसऱ्या अंगाला डोंगर व झाड असते. ती 'कुर' राजांची. नाण्यावर ब्राह्मी अक्षरांत राजाचे नाव असते, 'रञो वासिठीपुतस विळिवायकुरस'. वासिष्ठीचा पुत्र विळिवायकुर, त्या राजाचे हे नाणे. आईच्या नावावरून मुलाची ओळख सांगायची त्या काळची चाल. नावाचा 'विळिवायकुर' हा भाग द्राविडी वळणाचा आहे आणि 'पुतस' हा भाग प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीच्या आजीच्या बोलीतला. आपण आजही 'पोरास दे', 'मास्तरास सांग' म्हणतो, त्यातला 'स' काही अभ्यासक याच प्राकृत 'स'शी जोडतात. रुपयाएवढ्या शिशाच्या तुकड्यावर दोन घराण्यांच्या भाषा शेजारी शेजारी बसल्या आहेत, आणि त्यांनी दीड-दोन हजार वर्षांत एकमेकींना उठवलेले नाही.

वीरगळ कुणाचा?

खरी गोष्ट पुढे घडली, शिलालेखापाशी.

शिलाहारांच्या काळातला तो दगड. कोल्हापूरच्या शिलाहारांनी बाराव्या शतकात या भागावर राज्य केले. गंडरादित्य, त्याचा मुलगा विजयादित्य, आणि त्याचा मुलगा दुसरा भोज. पन्हाळ्याच्या किल्ल्याशी ज्याचे नाव जोडले जाते तो हाच भोज. तेराव्या शतकाच्या आरंभी देवगिरीच्या सिंघण यादवाने त्याचे राज्य घेतले. हे राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले आजचे तेर. आणि महालक्ष्मीचा वरप्रसाद लाभलेले असेही म्हणवत. म्हणजे मूळ सांगायचे मराठवाड्याचे, देवी कोल्हापूरची. आणि लेखांची भाषा? कुठे संस्कृत, कुठे कन्नड. लिपी बहुतेक जुनी कन्नड. हातकणंगले तालुक्यातल्या हेर्ले गावचा शके १०४० चा लेख कन्नडमध्ये आहे. कागलजवळच्या बामणीचा शके १०७३ चा लेख संस्कृतात आहे, पण त्याची अक्षरे कन्नड.

आप्पांनी चष्मा सावरला आणि नेहमीप्रमाणे वाचायला पुढे झाले. दगडावरची ओळ काही लागेना. वळणदार, गोल अक्षरे. त्यांनी बाजूची पाटी वाचली, पुन्हा दगडाकडे पाहिले. "हे कानडी हाय?" त्यांच्या आवाजात विश्वास नव्हता, थोडा रागही होता. कोल्हापुरात, अंबाबाईच्या गावात, आणि कानडी? साठ-सत्तर वर्षे ज्याच्यासाठी घोषणा दिल्या, मोर्चे काढले, ते सगळे त्या एका क्षणात त्यांच्या चेहऱ्यावर आले. मला त्यांची कीव आली नाही. माझ्या बापाचाही चेहरा असाच झाला असता.

तेवढ्यात नातू वाकून म्हणाला, "अज्जा, ह्यो 'श्री' हाय बग. आनि ह्यो 'म'. ह्यो 'ल' असंल."

जुन्या कन्नड लिपीतली सगळी अक्षरे आजच्या मुलाला लागत नाहीत. आठ-नऊशे वर्षांत वळणे बदलली आहेत, जोडाक्षरे वेगळी दिसतात. पण दहातली तीन-चार त्याला ओळखू येत होती. तो बोट न लावता, दगडापासून वीतभर लांबून, एकेक अक्षर दाखवू लागला. पाटी मात्र त्याला झरझर वाचता येईना. 'शिलाहार', 'दानलेख' असे शब्द आले की तो थांबे. मग पाटी आप्पा वाचत आणि दगड नातू वाचे. दोघांचे मिळून किती लागले म्हणाल, तर फार नाही. पण त्या पाऊण तासात चिडाचीड झाली नाही, एवढे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.

बाहेर येताना वीरगळ पाहिले. आपल्याकडे हे कुणाला दाखवावे लागत नाहीत. गावाच्या वेशीवर, देवळाच्या मागे, तळ्याच्या काठी असा एक तरी उभा दगड असतोच. खालच्या चौकटीत लढाई किंवा गुरे पळवणाऱ्यांशी झुंज, मधल्यात अप्सरा वीराला वर नेताहेत, वरच्यात तो शिवलिंगापुढे बसलेला, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य असेपर्यंत याची कीर्ती राहो, असा त्याचा अर्थ. काही दगडांवर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला बाईचा हात असतो. तो सतीचा.

आप्पा म्हणाले, हे तरी आपले मराठी. मी म्हणालो, दगड आपला, पण शब्द 'वीरगल्लु'. कन्नडमध्ये 'कल्लु' म्हणजे दगड, वीराचा कल्लु तो वीरगल्लु, आणि आपल्या तोंडात तो वीरगळ झाला. मग मीच सांगत सुटलो. आपले तूप, आपला अडकित्ता, आपले अण्णा आणि अक्का. तिकडून इकडे आलेले हे शब्द काढून टाकले तर आप्पांच्या घरी जेवण आणि पान दोन्ही बंद पडेल. ते हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत.

इकडचा दगड तिकडे

हे एका बाजूनेच सांगितले तर अर्धवट होईल. कोल्हापुरात कन्नड दगड आहे तसा कर्नाटकात मराठी दगड आहे. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी 'श्री चावुंडराजें करवियलें' आणि 'श्री गंगराजे सुत्ताले करवियले' ही वाक्ये नागरी अक्षरांत कोरलेली आहेत. सुत्ताले म्हणजे मूर्तीभोवतीच्या ओवऱ्या. हा सुत्ताले शब्दसुद्धा कन्नड वळणाचा. चावुंडरायाने मूर्ती करवली हीच गोष्ट तिथे कन्नडमध्ये आहे आणि तमिळमध्येही आहे. गंगराज बाराव्या शतकातला होयसळांचा सेनापती. त्याचे राज्य कन्नड, लेखाची एक ओळ मराठी. यात्रेकरू मराठी मुलखातूनही येत असणार, त्यांना कळावे म्हणून ती कोरली असावी, असे मला वाटते.

आणि सोलापूर जिल्ह्यात भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल येथे शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी लेख आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. ज्या गावात तो आहे त्या गावाचे नाव मात्र कन्नड. कूडल म्हणजे संगम.

मला यातला 'करवियलें' हा शब्द फार आवडतो. एकोणिसाव्या शतकात कोल्हापुरात एका स्तूपाच्या अवशेषांत दगडी पेटी सापडली. तिच्यावर ब्राह्मी लिपीत एक ओळ आहे. बम्ह नावाच्या माणसाचे हे दान, धमगुताने 'कारितं'. दोन हजार वर्षांपूर्वी कोल्हापुरात 'कारितं', हजारएक वर्षांनी श्रवणबेळगोळला 'करवियलें', आणि आज खानापूरच्या घरावरच्या फरशीवर 'हे घर अमक्याने करविले'. एवढी लांब वाट चाललेला शब्द आपल्या रोजच्या तोंडात आहे, हे शाळेत आम्हाला कुणी सांगितले नाही.

कन्नडला अभिजात भाषेचा दर्जा २००८ साली मिळाला, मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी. त्या दिवशी आपल्याकडे पेढे वाटले गेले. वाटावेत. पण माझा अनुभव असा, की सीमाभागात दगडांचा उपयोग दोन्ही बाजूंनी फेकून मारण्यासाठीच अधिक होतो. कन्नड लेख सापडला की तिकडचे म्हणतात गाव आमचे, मराठी लेख सापडला की इकडचे म्हणतात गाव आमचे. बाराव्या शतकातल्या दगडाला १९५६ सालची राज्यपुनर्रचना विचारण्यात काय अर्थ आहे? आजची माणसे कोणती भाषा बोलतात, त्यांच्या पोरांना शाळा कोणती मिळते, त्यांना सातबारा कोणत्या भाषेत वाचायला मिळतो, हा आमचा प्रश्न आहे. तो जिवंत माणसांचा प्रश्न आहे आणि त्यासाठी जिवंत माणसांचाच दाखला पुरेसा आहे. शिलाहारांना त्यात ओढून आपण आपलीच बाजू लंगडी करतो.

आपल्या भागातल्या जुन्या वस्तूंचे म्हणाल, तर त्या आपल्याकडे फारशा राहिलेल्या नाहीत. बेळगावच्या किल्ल्यातले रट्ट राजा चौथ्या कार्तवीर्याच्या काळचे, शके ११२७ चे दोन शिलालेख लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन पडले आहेत. ते लेख कन्नड, त्यांतले वेणुग्राम म्हणजे आपले बेळगाव. हलशीजवळ सापडलेले कदंबांचे ताम्रपट संस्कृतात आहेत. हलशी त्या वेळी पलाशिका होती आणि कदंबांच्या राजधान्यांपैकी एक होती. खानापूर तालुक्यातली पोरे सहलीला हलशीच्या भूवराह नरसिंहाच्या देवळात जातात, डबे खातात आणि परत येतात. ताम्रपटांचे नाव त्यांना शिक्षकांनी सांगितले तर कळणार.

टाउन हॉलमधल्या चित्रांसाठी वेळ पुरला नाही. आबालाल रहिमान यांची चित्रे घाईघाईत पाहिली, याची रुखरुख राहिली. शाहू महाराजांच्या दरबारचा हा चित्रकार. त्याच्यासाठी वेगळी फेरी मारावी लागेल.

परतीच्या गाडीत आप्पा गप्प होते. निपाणी सोडल्यावर म्हणाले, घरी माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे, तिच्यात त्यांच्या आजाचे कागद आहेत. मोडी. मुलगा घर दुरुस्त करताना दोनदा म्हणाला की ही अडगळ बंबात घालू या, आणि आप्पांनी दोनदा नको म्हटले, पण का नको ते त्यांनाही सांगता आले नव्हते.

पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो. पेटी खाली काढून ठेवली होती. कडा वाळवीने खाल्लेल्या, मधला मजकूर शाबूत. न उचलता लिहिलेली ती मोडी ओळ, वर आडवी रेघ आधी ओढून घेतलेली. आप्पांना ती वाचता येत नाही, मला येत नाही, नातवाला तर नाहीच. दगडापाशी दोघे मिळून काही तरी लागले होते, इथे तिघांना मिळून एक अक्षर लागेना. भाषा आमचीच, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची, कदाचित आम्ही बसलो होतो त्याच जमिनीची.

तारीख तरी लागते का बघावे म्हणून नातवाने भिंग आणले. मोडीतले आकडे देवनागरीच्या जवळचे असतात. बराच वेळ बघून तो म्हणाला, "अज्जा, हितं एक आनि आठ हाय. फुडचं वाळवीनं खाल्लंय."

आप्पांनी सूनबाईंकडून धुतलेल्या धोतराचा तुकडा मागून घेतला. कागद एकेक करून मध्ये कोरा कागद घालून ठेवले, वर कडुनिंबाचा वाळका पाला टाकला आणि गाठ मारली. पेटी आता माळ्यावर नाही, कपाटात आहे, नातवाच्या दप्तराच्या वरच्या फळीवर. बेळगावात मोडी वाचणारे कुणी आहे का, याची चौकशी मी चालवली आहे. वाचकांपैकी कुणाला ठाऊक असेल तर कळवावे. वाचणाऱ्याच्या जाण्या-येण्याचा खर्च आप्पा देणार आहेत.